शाळेत युनियन कशाला म्हणे!

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या शिपाई-क्लार्क लोकांनी युनियनची पावती फाडली की शाळेत राजकारण शिरतं, असं बऱ्याच संस्थाचालकांचं मत असतं, आणि खरं सांगायचं तर काही शिक्षकांचंही. मी एका अनुदानित शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, आता रिटायर आहे, त्यामुळे कुणाला घाबरायचं कारण नाही, म्हणून लिहितोय.

शिक्षकेतर माणूस काय करतो हे पालकांना फक्त जूनमध्ये कळतं. बोनाफाईड, दाखले, स्कॉलरशिपचे फॉर्म, यू-डायसची म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, शालार्थ या सरकारी पगार-पोर्टलवर सगळ्या स्टाफची पगारबिलं, त्यात एखाद्या पोराची जन्मतारीख दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरी निघते, मग जनरल रजिस्टरची जुनी वही काढा, पानांचे कोपरे हातात येतात म्हणून एकेक पान तळव्यावर धरून उलटा, मूळ नोंद शोधा, दुरुस्ती करायची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवा, आणि हे होईपर्यंत खिडकीत पालक तोंड वाकडं करून उभेच. शिपाईमामांचं तर विचारूच नका. कुठल्या पोराला घ्यायला आजोबा येतात, कुणाचा रिक्षावाला बदललाय, हे त्यांना तोंडपाठ असतं आणि अनोळखी माणूस दिसला की ते पोराचा हात सोडत नाहीत. हे काम कुठल्याच जॉब चार्टमध्ये लिहिलेलं नाही.

आता युनियनचं. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 नेच दिलाय, त्यात शिपायाला वेगळं काढलेलं नाही. गंमत अशी की 1988 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा ‘कामगार’ नाही, पण शिक्षणसंस्था हा उद्योग आहे हे 1978 च्या निकालात आधीच आलेलं होतं, म्हणजे त्या कायद्याखाली शाळेत कामगार कोण तर हाच क्लार्क आणि हाच शिपाई होता. त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये मात्र धर्मादाय काम करणाऱ्या संस्था उद्योगातून वगळल्यात आणि आपल्याकडच्या शाळा बहुतेक ट्रस्टच चालवतात, तेव्हा उद्या यावरून कोर्टात भांडणं होणार हे नक्की. तिथे एकटा शिपाई वकील कुठून आणणार?

आणि एकटा म्हणजे खरंच एकटा हो. युनियन रजिस्टर करायला किमान सात माणसं लागतात, छोट्या शाळेत शिक्षकेतर सात असतात कुठे, एक क्लार्क आणि फार तर दोन शिपाई. शिक्षक स्टाफरूममध्ये बसून एकमेकांशी बोलतात तरी, याला बोलायलाच कुणी नाही. म्हणून तालुक्याची, जिल्ह्याची संघटना याला शिक्षकापेक्षा जास्त लागते. एक उदाहरण देतो. 1977 च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्यात नोकरीवरून काढल्यास शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, शिक्षकेतरालाही, पण मुदत 30 दिवसांची. माझ्या ओळखीचा एक सेवक संस्थेने काढल्यावर दोन महिने अध्यक्षांच्या घरी हात जोडून चकरा मारत बसला, मुदत गेली, मग उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज आणि वेगळा खर्च. तो कुठल्याच संघटनेचा मेंबर नव्हता, कारण साहेबांना आवडत नाही!

शिक्षकांना विधान परिषदेत स्वतःचे सात आमदार आहेत. त्या मतदारसंघात शिक्षकेतराला मत नाही, पदवीधर असला तर पदवीधर मतदारसंघात जा, शिपायाने कुठे जायचं ते त्याचं तो बघेल. मोर्चात मात्र सगळे एकत्र हवे असतात. मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा शिक्षकेतरही उतरले होते, बातम्यांत त्यांचा उल्लेख जेमतेम.

खरा घाव वेगळाच आहे. डिसेंबर 2020 च्या जीआरने अनुदानित शाळांतली चतुर्थ श्रेणीची, म्हणजे शिपायासारखी पदं रिकामी होतील तशी संपवायची आणि त्याऐवजी शाळेला शिपाई भत्ता द्यायचा असं ठरलं, मुंबईत महिना 10,000, पुण्यात 7,500, बाकी महाराष्ट्रात 5,000. पाच हजारात माणूस दिवसभर शाळा झाडणार, पाणी भरणार, घंटा देणार, गेटवर उभा राहणार आणि टिकणारही, असं ज्याला वाटलं त्याने एक महिना करून बघावं. शिवाय पदच नाही म्हटल्यावर सेवापुस्तक नाही, रजा नाही, पीएफ नाही, आणि दर सहा महिन्यांनी माणूस बदलणार. ऑगस्ट 2024 ला बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यातला आरोपी ठेकेदारामार्फत आलेला सफाई कर्मचारी होता. त्यानंतर सगळ्या शिपायांकडे संशयाने बघायला लागले लोक, पण पोरांजवळ वावरणारा माणूस ओळखीचा, नेमणूकपत्र असलेला आणि टिकणारा हवा, मुलींच्या बाजूला बाईच हवी, हे बोलायचं सोडून सीसीटीव्हीवरच चर्चा.

संघटनावाले धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. वर्गणी घेताना दिसतात आणि नंतर फोन उचलत नाहीत असे पदाधिकारी मी पाहिलेत. भत्त्यावरच्या किंवा ठेक्यावरच्या पोरांना तर हे मेंबरच करून घेत नाहीत, ‘ते आपले नव्हेत’ म्हणे. अरे, दहा वर्षांनी शाळेत तीच पोरं असणार, तुमचे परमनंट लोक रिटायर होऊन घरी बसलेले असणार, मग युनियन कुणाची चालवणार?

आपल्या पेपरकडून एवढंच हवंय, जिल्ह्यात किती शिपाई पदं भत्त्यावर गेली आणि भत्ता वेळेवर मिळतो का, हे आपल्या बातमीदाराने शिक्षणाधिकाऱ्यांना विचारावं आणि आकडे छापावेत.

आपला,
एक रिटायर्ड क्लार्क