अधिक-उणे वीजपुरवठ्याविषयी मित्रास पत्र

फोंडा, गोवा
२ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. देवळातल्या भजनासाठी ऑप-अँप या संकेत मोठा करणाऱ्या चिपवर माइकचा प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक आवाज आधी वाढवणारी जोडणी, जुळवायला घेतला आहेस आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बघता बघता उतरतात, हे वाचून मी त्याच रात्री माझा पुरवठ्याचा डबा उघडून समोर ठेवला. आवाजाची लहर शून्याच्या वर जाते तशी खालीही जाते, म्हणून ऑप-अँपला अधिक आणि उणे अशा दोन्ही बाजू हव्या असतात. आणि त्या दोन्ही कमीजास्त करता येणारा पुरवठा घरी करणे तुला मुळीच अवघड नाही. मात्र आपल्या दमट हवेत तो कसा बिघडतो, हे आधी डोक्यात ठेवून तो जुळवायला हवा. त्यासाठीच हे पत्र जरा लांबवतो आहे.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ व्होल्ट, १ अँपिअरचा घे. मधली तार म्हणजे आपले शून्य. बाहेरच्या दोन तारा ब्रिजला, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार डायोडच्या जोडणीला, दिल्या की १५ ची शिखरे २१ च्या थोडी वर जातात, त्यातून एका डायोडचे ०.७ वजा होते आणि दोन्ही बाजूंना साधारण २०.५ व्होल्ट मिळतात. पुढचा, वीज साठवून चढउतार भरून काढणारा कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा असावा. अर्धा अँपिअर ओढला तरी त्यावरचा चढउतार एक व्होल्टच्या आसपास राहतो. २२०० चा लावलास तर तोच सव्वादोनपर्यंत जातो, आणि रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्ट ठरल्या आकड्यावर राखणाऱ्या चिपला, स्वतःसाठी दोन-अडीच व्होल्ट लागत असल्यामुळे वरच्या टोकाला गुणगुण ऐकू येऊ लागते. उणे बाजूच्या कपॅसिटरचे अधिक टोक शून्याला जोडायचे, हे जोडताना स्वतःशी मोठ्याने म्हण.

रेग्युलेटर म्हणजे अधिक बाजूला एलएम ३१७ आणि उणे बाजूला एलएम ३३७. पहिला १९७६ साली नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी रचला, त्याचा उणे जोडीदार तिथल्याच बॉब पीझ यांनी. इतक्या वर्षांनीही नवशिक्याच्या हाती द्यावा असा याहून सरळ भाग मला दिसत नाही. आउट आणि अॅडजस्ट या दोन पायांमध्ये तो नेहमी १.२५ व्होल्ट राखतो. त्या दोन पायांमध्ये १२० ओहमचा रोधक लावला की त्यातून सुमारे १० मिलिअँपिअर वाहतात, आणि तेच पुढे पॉटमधून, म्हणजे मूठ फिरवून कमीजास्त करता येणाऱ्या रोधकातून, शून्याकडे जाताना पॉटवर जेवढे व्होल्ट पडतात तेवढे १.२५ मध्ये मिळवले जातात. बहुतेक आकृत्यांत इथे २४० ओहम दिसतो, पण रेग्युलेटर नीट चालायला त्यातून कमीतकमी जेवढा प्रवाह वाहावा लागतो तेवढा मिळावा म्हणून मी १२० च पसंत करतो.

आता माझ्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो. गेल्या श्रावणात दोन महिने बंद असलेला पुरवठा काढून मी ५ व्होल्टवर लावला आणि त्यावर एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड जोडला. मीटरवर ५.०२ दिसत होते. ते नेमके ५ करावे म्हणून मी पॉटची मूठ केसभर फिरवली, तर आकडा एकदम विसाच्या जवळ गेला आणि क्षणात परत आला. तेवढ्यात बोर्ड गेला. पॉट उघडून भिंगाखाली धरला, तेव्हा कार्बनच्या पट्टीवर पांढुरकी साय धरलेली होती आणि त्यावरून सरकणाऱ्या पितळी जिभेचे टोक हिरवे पडले होते. जीभ पट्टीपासून सुटली की अॅडजस्ट पायाचा शून्याशी असलेला मार्ग तुटतो आणि रेग्युलेटर मागे असतील तेवढे सगळे व्होल्ट पुढे ढकलतो. म्हणजे संपर्क बिघडला की व्होल्टेज उतरत नाही, चढते; आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात संपर्क बिघडणारच, असे धरूनच चालायचे.

मी पॉटचा तिसरा पाय मोकळा सोडला होता. तू तो मधल्या पायाला जोड, म्हणजे जीभ सुटली तरी पूर्ण पट्टी मार्गात राहील. शिवाय २ किलोओहमच्या पॉटला समांतर ४.७ किलोओहमचा रोधक लाव. दोन्ही मिळून १.४ किलोओहम होतात आणि वरची मर्यादा १६ व्होल्टच्या जरा आत थांबते. नेहमीचे ऑप-अँप प्रत्येक बाजूला १८ व्होल्टपर्यंत सोसतात, तेव्हा पॉट दगा देईल त्या दिवशीही तुझा प्रीअँप वाचेल. पॉटवर छापलेला आकडा २० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. लावण्यापूर्वी तो मोजून घे. ५ व्होल्टच्या चिपांना मात्र १६ ही मारकच, म्हणून त्यांच्यासाठी मी त्याच डब्यात ७८०५ या ठरावीक ५ व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरची स्वतंत्र वाट काढली आहे आणि बदलत्या बाजूवर त्यांना आता कधीच लावत नाही.

दोन्ही बाजू एकाच मुठीने फिरवायला स्टिरिओचा जोडपॉट लावण्याचा मोह तुला होईल. त्याचे दोन अर्धे क्वचितच सारखे निघतात. दोन वेगळे पॉट लाव.

हीटसिंकबद्दल, म्हणजे रेग्युलेटरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याबद्दल, एक गोष्ट विसरू नकोस. समोरून पाहिल्यास ३१७ चे पाय अॅडजस्ट, आउट, इन असे आहेत, तर ३३७ चे अॅडजस्ट, इन, आउट. पाठीचा पत्रा मधल्या पायालाच जोडलेला असतो, म्हणजे एकाचा पत्रा आउट आणि दुसऱ्याचा इन. मी पहिल्यांदा दोघांना एकाच सिंकवर नुसते आवळले आणि खटका दाबताच फ्यूज उडाला. अभ्रकाची चकती आणि स्क्रूभोवती प्लास्टिकची बुशी घाल, आणि पत्रा व सिंक एकमेकांपासून तुटक आहेत याची मीटरने खात्री कर. ३३७ च्या आउटवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, नाहीतर तो स्थिर राहत नाही. दोन्ही आउटवर शून्याशी उलटे असे १एन ४००७ डायोडही लाव, म्हणजे एक बाजू आधी उठली तरी दुसरीला ती उलट्या दिशेने ओढणार नाही.

पहिल्यांदा चालू करताना २३० व्होल्टच्या वाटेत ४० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा सिरीजमध्ये ठेव. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पेटतच राहिला तर लगेच बंद करून उणे बाजूचे कपॅसिटर आणि सिंकवरच्या चकत्या तपास. धातूच्या डब्याला अर्थिंग दिल्याखेरीज प्लग लावू नकोस.

चवथीला घरी येशील तेव्हा प्रीअँप घेऊन ये, माझ्या पुरवठ्यावर लावून ऐकू. तोवर तुझ्याकडच्या ट्रान्सफॉर्मरवर काय छापले आहे आणि नुसता, भाराविना मोजल्यावर तो किती व्होल्ट दाखवतो, ते मला कळव.

तुझा,
मित्र