हंगामाच्या सणाच्या अर्पणाबाबत सूचना

मंडळीतील सर्व सभासदांना सप्रेम सलाम.

येत्या रविवारी हंगामाचा सण असून ज्वारीची कणसे, भोपळा, अंडी किंवा घरचे लोणचे, जे अर्पण आणाल ते उपासनेपूर्वी वेदीपाशी ठेवावे. ज्यांची शेती नाही त्यांनी रोख रक्कम पाकिटात घालून द्यावी.

शेताच्या कडेकोपऱ्यातले पीक कापू नये व सरवा (कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे) वेचू नये, तो गरीब व परक्यांसाठी राहू द्यावा, अशी आज्ञा पवित्र शास्त्रात लेवीय 19:9-10 मध्ये आहे, आणि याच आज्ञेमुळे मवाब देशातून आलेल्या विधवा रूथला बवाजाच्या शेतात सरवा वेचून संध्याकाळी सुमारे एफाभर (एफा हे धान्याचे जुने माप) सातू सासूकडे नेता आले. म्हणजे तो वाटा शेतकऱ्याची मेहेरबानी नव्हती, गरजूंचा हक्क होता. म्हणून नको असलेले धान्य अर्पण म्हणून आणू नये, ही विनंती. (गेल्या वर्षी दोन पिशव्या डाळ किडलेली निघाली; ती निवडताना भगिनी मंडळाची अख्खी दुपार गेली.)

अर्पणाच्या वस्तूंच्या लिलावाची रक्कम व उरलेले धान्य मंडळीतील आणि वस्तीतील विधवा व आजारी कुटुंबांना, धर्म न विचारता, सोमवारी घरपोच दिले जाईल. घेणाऱ्यांची नावे जाहीर होणार नाहीत व त्यांचे फोटोही कोणी काढू नयेत.

आपला नम्र,
सचिव, पंच मंडळ