काळ्या दगडातलं समुद्राचं पाणी

ती. आई-बाबा यांस,
सा. न.

फोनवर बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई मला बोलू देत नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय.

गेल्या आठवड्यात आम्ही मादेईराला जाऊन आलो. अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट, लिस्बनहून विमानाने दीड-पावणेदोन तास. फुंशालला उतरलो आणि गाडीने बोगद्यांमागून बोगदे पार करत वायव्येच्या टोकावरच्या पोर्तू मोनीश गावी गेलो. तिथे किनाऱ्यावर लाव्ह्याच्या खडकातले पोहण्याचे तलाव आहेत.

आई, ज्वालामुखी म्हटल्यावर तुला वज्रेश्वरीची कुंडं आठवली असतील. पण हे पाणी गरम नाही, चांगलं गारेगार आहे. लाव्हा फार पूर्वी समुद्राकडे वाहत येऊन थिजला आणि त्यात खळगे राहिले. माणसांनी मधल्या फटी बुजवल्या, पायऱ्या बांधल्या, एवढंच. भरतीला लाटा कडेच्या खडकावरून आत येतात आणि पाणी आपोआप बदलतं. दगड मात्र आपलाच, बेसाल्ट! सह्याद्रीचा सहा कोटी वर्षांहून जुना आणि हा त्यामानाने अगदी कोवळा, म्हणून अजून धारदार. माझी नडगी खरचटलीच. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवरचा खडक कसा लाटांनी झिजलाय, तसं इथे नाही.

सामान ठेवायला कपाटं आहेत. तिथली बाई किल्ली पुढे करून म्हणाली, "शाव." क्षणभर कळेना, मग लक्षात आलं, अगं, ही तर आपली चावी! पोर्तुगीजमध्येही बटाट्याला बटाटाच म्हणतात हे माहीत होतं, पण ओल्या हातात ती चावी घेताना एकदम घरची आठवण आली.

पहिल्या दिवशी समुद्र खवळला होता, पाण्यात उतरायला बंदी होती. दुसऱ्या दिवशी छातीभर पाण्यात उभी राहिले. पलीकडे लाट धाडकन खडकावर आपटायची, फेस वर उडायचा आणि मग त्या काळ्या दगडावरून पाण्याचा पातळसा पदर आत घसरायचा. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर नुसती शिरशिरी उरायची. पायाशी बोटाएवढे मासे फिरत होते.

तेवढ्यात एक आजी आल्या, बाबांच्या वयाच्या असतील. काठी कठड्याला टेकवून ठेवली, दांडा धरून एकेक पायरी उतरल्या आणि पाठीवर आडव्या होऊन तरंगत राहिल्या, डोळे मिटून. बाबा, मला तुम्हीच दिसलात. माझ्या पाठीला डबा बांधून मामाच्या विहिरीत मला सोडलं होतंत, "घाबरू नको, पाणी उचलतं" म्हणाला होतात. गुडघे धरले तेव्हापासून तुम्ही पाण्यात उतरला नाहीत, आणि ते मला फार लागतं. पाण्यात गुडघ्यांवर फारसा भार येत नाही हो.

पुढच्या सप्टेंबरला दोघं या. तेव्हा पाणी त्यातल्या त्यात उबदार असतं. आई, तुला उतरायचं नसलं तर काठावर बसून नुसते पाय सोड. रबरी चपला मी इथूनच घेते.

डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आणि लोखंडी कपाटातले दोन्ही पासपोर्ट काढून मुदत कधी संपते ते कळवा, व्हिसाला वेळ लागतो.

तुमची,
मनू