पांढरकवडा रस्त्यावरच्या काकाजींस, ऑईलच्या काडीबद्दल

आदरणीय काकाजी,

सविनय नमस्कार.

गेल्या मे महिन्यात घाटंजीहून पांढरकवड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर दुपारी, कडुनिंबाच्या सावलीतून हात दाखवून आपण माझी मोटरसायकल थांबवली होती. मी ग्रामीण डाकसेवक आहे आणि रोजची टपाल फेरी याच गाडीवर करतो. त्या दिवशी घाईत आपले नाव व गाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे आभाराचे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. आपल्या घरातील किंवा ओळखीतील कोणी ते आपल्याला वाचून दाखवील, अशी मला आशा आहे.

आपण मला थांबवले ते केवळ गाडीच्या आवाजावरून. इंजिनाच्या वरच्या भागातून येणारी कोरडी टकटक मी आठवडाभर ऐकत होतो आणि टॅपेट (इंजिनाच्या झडपा म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग) सैल झाले असतील, पगार झाल्यावर पाहू, असे मनाशी म्हणत होतो. आपण म्हणालात, "गाडी सुकी चालून राहिली ना बाबू!" त्यावर मी जरा दुखावून सांगितले, की ऑईल मी दर पंधरा दिवसांनी पाहतो आणि काडीवर (ऑईलच्या झाकणाला जोडलेल्या, खुणा असलेल्या मापाच्या पट्टीवर) ते वरच्या खुणेजवळच असते. मी खोटे बोलत नव्हतो. आपणही मला खोटे ठरवले नाही. "कसं पाहतो, ते दाखव," एवढेच म्हणालात. त्या एका वाक्यासाठी मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे, कारण माझी चूक मापण्याच्या पद्धतीतच होती आणि मी काडी कशी हाताळतो हे पाहिल्याशिवाय ती कोणालाही सापडली नसती.

मी गाडी डबल स्टँडवर घेतली, काडी काढली, पुसली, परत घालून आटे पूर्ण आवळले आणि मग बाहेर काढून आपल्याला दाखवली. ऑईल खरोखरच वरच्या खुणेच्या थोडेच खाली दिसत होते. तेव्हा आपण तीच काडी पुसून भोकात सोडली, आटे न फिरवता झाकण नुसते तोंडावर टेकवले आणि बाहेर काढली, तर काडीचे टोक जेमतेम ओले झालेले होते आणि खालची खूणसुद्धा कोरडी होती. आटे आवळले की काडी तेवढी आत उतरते, अधिक खोल बुडते आणि ऑईल आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. माझ्या गाडीच्या काडीवरील खुणा मात्र ती नुसती टेकवून पाहण्यासाठीच आखलेल्या आहेत. आट्यांच्या त्या उंचीएवढ्या फरकामुळे माझे इंजिन कित्येक आठवडे अपुऱ्या ऑईलवर चालत होते. पुढे मी गाडीसोबतची पुस्तिका शोधून काढली, तेव्हा तिच्यातही हेच लिहिलेले आढळले. काही गाड्यांत काडी आवळूनच पाहायची असते, म्हणून आपापली पुस्तिका एकदा वाचावी, असे आता मी सर्वांना सांगतो.

काडी काढण्यापूर्वी आपण आणखी एक गोष्ट केली होती, जी मी आजवर कोणाला करताना पाहिली नव्हती. झाकणाभोवती साचलेली धूळ आपण आधी फुंकून आणि मग कापडाने पुसून घेतली. आमच्याकडचे पांदण रस्ते उन्हाळ्यात पिठासारखे होतात आणि ती माती झाकणाच्या कडेला बसून राहते. पाहणी करताना तीच आत पडली, तर ऑईलबरोबर बेअरिंगपर्यंत जाऊन घासकाम करू लागते. काडी पुसायलाही आपण माझ्याजवळचा कापसाचा बोळा घेऊ दिला नाहीत, कारण त्याचे तंतू काडीला चिकटून आत जातात आणि ऑईलच्या जाळीवर जमतात. आपल्या दुपट्ट्याचे धुतलेले टोक त्यासाठी काळे झाले, हे मी विसरलेलो नाही.

गाडी नुकतीच बंद केली होती, म्हणून आपण दोन-तीन मिनिटे थांबायला लावलेत. चालत्या इंजिनात पंपाने वर चढवलेले ऑईल खाली ओघळून यायला तेवढा वेळ लागतो. लगेच पाहिले तर ते कमी दिसते. उलट रात्रभर थंड पडलेल्या गाडीचे माप पुस्तिकेतल्या रीतीशी जुळत नाही. म्हणून आधी दोन-तीन मिनिटे इंजिन चालवायचे, बंद करायचे, तितकेच थांबायचे आणि मग सपाट जागी काडी पाहायची, हा क्रम आपण माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला. साइड स्टँडवर कधीही पाहू नये, असेही बजावलेत. माझ्या गाडीत काडी उजव्या बाजूला आहे आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. ऑईल तिकडे सरकते, काडी कोरडी दिसते आणि माणूस गरज नसताना वरून ओततो. आमच्या शेजारच्या गावातील एका भाऊंच्या बाबतीत नेमके असेच झाले होते. जास्तीचे ऑईल इंजिनात घुसळून फेसाळले, इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपातून एअर फिल्टरमध्ये गेले आणि गाडी धूर ओकू लागली. ऑईल जास्त झाले तर बिघडते कुठे, असे समजणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

आपल्याजवळ घरच्या गाडीसाठी आणलेली 900 मिलीची बाटली होती. तिच्यातून आपण एकदम न ओतता थोडे ओतले, थांबलात, काडी पाहिली, पुन्हा थोडे ओतले, आणि ऑईल वरच्या खुणेला टेकण्याआधीच हात आवरता घेतला. बाटलीवरील 10डब्ल्यू-30 (ऑईलच्या दाटपणाची ग्रेड) आणि जासो एमए (ऑईलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठीचे मानक) ही अक्षरे आपण मला बोट ठेवून दाखवलीत. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच यांना एकाच ऑईलवर काम करावे लागते. काही कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे ऑईलात बुडालेला क्लच घसरू लागतो. ट्रॅक्टरच्या कॅनमधले उरलेले ऑईल गाडीत ओतण्याची आमच्या भागातील सवय किती महागात पडू शकते, हे मला तेव्हा समजले.

ऑईल गेले कुठे, याचाही आपण छडा लावलात. गाडीखाली डाग नव्हते, ऑईल सोडायचा खालचा ड्रेन बोल्ट कोरडा होता. सकाळी सुरू करताना निळसर धूर येऊन थांबतो का, की गाडी ओढताना सतत येतो, असे आपण विचारले. पहिला प्रकार असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील (ऑईल आत गळू न देणारी रबरी टोपी) आणि दुसरा असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, असे आपले म्हणणे होते. माझा पहिला प्रकार होता. आपण सांगितल्याप्रमाणे मी वहीत दर रविवारी पातळी लिहू लागलो. पहिल्या चार आठवड्यांत ती दोन खुणांमधील अंतराच्या साधारण एक तृतीयांशाने उतरली. ती वही दाखवून मी पावसाळ्याच्या तोंडावर सील बदलून घेतले. त्यानंतर पातळी जवळजवळ जागची हललेली नाही आणि टकटकही गेली आहे.

या भागात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. आमच्या शंभर सीसीच्या गाड्यांचे इंजिन वाऱ्यावर थंड होते, आणि काळ्या मातीचा चिखल इंजिनावरच्या पात्यांमध्ये (फिन्समध्ये) वाळून बसला तर तेही नीट होत नाही. अशा वेळी आतली उष्णता वाहून नेण्याचे मोठे काम एक लिटरसुद्धा न भरणाऱ्या त्या ऑईलवर येते, आणि ते कमी झाल्याचे सांगणारा दिवा बहुतेक गाड्यांत नसतो. काडी हाच एक साक्षीदार आहे, आणि त्याला नीट विचारायचे कसे ते मला आपण शिकवले. ज्या फेरीत मी कोणाची पेन्शन, कोणाचे औषध, कोणाचे नोकरीचे पत्र नेत असतो, ती फेरी त्यानंतर एकदाही गाडीपायी चुकलेली नाही.

आता आमच्या डाकघरातील दोघे सहकारी रविवारी माझ्याबरोबर ऑईल पाहतात. एकाच्या गाडीला काडीऐवजी काचेची खिडकी आहे. ती पाहताना गाडी सरळ उभी धरायला दुसरा माणूस लागतो, म्हणून ते काम आम्ही दोघे मिळून करतो.

आपण त्या दिवशी ऑईलचे पैसे घेतले नाहीत. त्याच ग्रेडची सीलबंद बाटली मी गाडीच्या बाजूच्या डब्यात ठेवली आहे आणि त्या कडुनिंबाजवळून जाताना प्रत्येक वेळी वेग कमी करतो. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचले, तर कृपया एखाद्या दुपारी पुन्हा हात दाखवावा. बाटली आणि वही, दोन्ही मला आपल्या हाती द्यायच्या आहेत.

आपला कृतज्ञ,
एक ग्रामीण डाकसेवक
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ