मनू, बदलीचं बोलणार नाही

विक्रोळी,
२७ डिसेंबर २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहायला मला अर्धा तास लागतो, म्हणून हे पत्र. स्पीड पोस्टने टाकणार आहे. पोस्टातली बाई श्रीहरिकोटा वाचून दर वेळी मान वर करते. मी दर वेळी सांगतो, मुलगी आहे तिथे. तिने विचारलेलं नसतं.

आधीच सांगून टाकतो, बदलीचं बोलणार नाही. बुधवारी बोललो ती माझी चूक. रॉकेट वर जाऊन बारा तास झाले नव्हते, तू रात्रभर जागलेली, आणि मी अभिनंदनाच्या पाठोपाठ तेच काढलं. तू म्हणालीस, "आईने कधी मागितली होती का तुमची बदली?" आणि फोन ठेवलास. त्याबद्दल सांगायचंय, पण शेवटी.

बुधवारची सकाळ ऐक. साडेआठपासून टीव्हीसमोर बसलो होतो. समोरच्या वहिनी, दोन नंबरचे काका, त्यांचा नातू, सगळे आलेले. ८ वाजून ५४ मिनिटं ही वेळ माझ्या डोक्यात पक्की. ५४ झाले आणि रॉकेट जागेवरच. आई उठली, आत गेली आणि दुधाखालचा गॅस बंद करून आली. का, ते तिलाही सांगता आलं नाही. नंतर कळलं, वाटेत दुसरा उपग्रह नाहीतर अवकाशातला कचरा आडवा येऊ नये म्हणून वेळ ९० सेकंद पुढे ढकलली होती. एवढंच. पण आमच्या घरात ते ९० सेकंद कोणी पापणी हलवली नाही.

मग तुझे दोन्ही एस-२०० पेटले, तुमच्या प्लांटमध्ये भरलेले घन इंधनाचे बूस्टर. एकेकात २०५ टन इंधन. मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होतो. दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. ते सुटून खाली पडले तेव्हा कुठे मी मागे टेकलो. पुढे उपग्रह सुटेपर्यंतचा वेळ मी चहा पीत पाहिला. ६,१०० किलोंचा तो अमेरिकन ब्लूबर्ड जागेवर बसला तेव्हा सगळे टाळ्या वाजवायला लागले. काका म्हणाले, अहो, तुम्ही वाजवा की. माझ्या आधीच वाजवून झाल्या होत्या, मनातल्या मनात.

यंदाच्या पाचही उड्डाणांत मी असाच बसलो. जानेवारीत २९ तारखेला पहाटे, तुमच्या तिथून शंभरावं उड्डाण, म्हणून मी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. पुढे त्या एनव्हीएस-०२ उपग्रहाचा व्हॉल्व्ह उघडला नाही आणि त्याला वरच्या कक्षेत नेता आलं नाही, तेव्हा काका विचारायला आले, पेढे परत द्यायचे का? मी म्हटलं, रॉकेटने सांगितलेलं काम केलं, पेढे रॉकेटचे होते.

मे महिन्यातलं मात्र तुला कधी सांगितलं नव्हतं. १८ मे, रविवार, सकाळी ५.५९. पीएसएलव्ही रॉकेटचा पहिला टप्पा तुमच्याकडचा, १३९ टनांचा. तो चोख चालला. दुसराही चालला. तिसऱ्यात काहीतरी बिघडलं, पडद्यावरची रेघ खाली वळायला लागली आणि बोलणाऱ्या माणसाचा आवाज बदलला. तो आवाज मी ओळखतो. आमच्या फायर ब्रिगेडच्या वायरलेसवर आगीत आत गेलेला माणूस उत्तर देत नसला की कंट्रोल रूमचा असाच होतो. पण माझ्या तोंडून पहिलं काय निघालं असेल? "आपल्या मनूचा टप्पा चालला हो." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. दिवसभर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिसरा टप्पाही कोणाच्या तरी पोराने, पोरीने केलेला असणार. त्या घरातही कोणी पहाटे टीव्ही लावून बसलं असणार.

जुलैत निसार उपग्रह गेला, तो तर तू गौरींच्या वेळी आम्हाला स्वयंपाकघरात उडवून दाखवलास. मधे तुरीच्या डाळीचा डबा, भोवती चार पेले. डबा म्हणजे जीएसएलव्ही रॉकेटचा मधला घन इंधनाचा टप्पा आणि पेले म्हणजे त्याच्या बाजूला बांधलेले द्रव इंधनाचे स्ट्रॅप-ऑन. पेले आधी पेटवतात, चार-पाच सेकंद बघतात, चारही नीट चालले तरच डबा पेटवतात. का, तर पेले बंद करता येतात, डबा एकदा पेटला की बंद करता येत नाही. २८ मार्च २००१ ला पहिल्याच जीएसएलव्हीच्या वेळी एका पेल्याने जोर धरला नाही, कॉम्प्युटरने शेवटच्या सेकंदाला सगळं थांबवलं, आणि तेच रॉकेट तीन आठवड्यांनी उडालं. तू रंगात येऊन सांगत होतीस. आत्या म्हणाली, बाई, आता तो डबा दे, मला वरण लावायचंय. सगळे हसले. मी "बंद करता येत नाही" इथेच राहिलो. अजून तिथेच आहे.

माझी ३५ वर्षांची नोकरी एका गोष्टीवर झाली. आगीला तीन गोष्टी लागतात, जळण, उष्णता आणि हवा. एक काढून घे, आग मेली. पाणी मारतो ते उष्णता काढायला, फोम टाकतो तो हवा तोडायला. तुमच्या त्या घन इंधनाच्या मिश्रणात अमोनियम परक्लोरेट. म्हणजे प्राणवायू त्याच्या पोटातच, बाहेरच्या हवेची त्याला गरजच नाही. वर ॲल्युमिनियमची भुकटी. पेटलेल्या ॲल्युमिनियमवर पाणी मारायचं नसतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच घोकून घेतलेलं. म्हणजे मी आयुष्यभर जे शिकलो त्यातलं काहीही माझ्या मुलीच्या दारात चालत नाही. वर्दी आली, बंब घेऊन पोचलो, तरी लांब उभं राहून बघायचं.

रात्री झोप लागली नाही की मी मोबाइलवर शोधत बसतो. आई ओरडते. २००३ साली ब्राझीलमध्ये उड्डाणाच्या तयारीत असतानाच एक घन इंधनाची मोटर आपोआप पेटली, २१ जण गेले. आणि २३ फेब्रुवारी २००४. तुमच्याच तिथे, प्रॉपेलंटच्या, म्हणजे रॉकेटच्या इंधनाच्या प्लांटमध्ये, सहा जण. ती बातमी मी तेव्हा स्टेशनच्या बाकावर बसून वाचली होती. तू दुसरीत होतीस. वाचली, अरेरे म्हटलं, पान उलटलं. आपल्याला काय माहीत.

तू म्हणशील, बाबा, तेव्हापासून किती बदललं. मिक्सिंग चालू असताना आत कोणी नसतं, सगळं लांबून, कॅमेऱ्यावर. इमारतीभोवती मातीचे बांध. अंगावर सुती कपडे, पायात ते अंगावर साचलेली वीज जमिनीत सोडणारे बूट, मोबाइल गेटवर. मला सगळं पाठ आहे. ते मिश्रण क्युअर होऊन घट्ट झालं की खोडरबरासारखं होतं, बाबा, तुम्ही उगाच घाबरता. ऐकलंय मी. पण मनू, नियम नवे असतात तेव्हा माणूस पाळतोच. पाचव्या वर्षी, मोटरच्या पन्नासाव्या तुकड्याला, तुमच्या त्या सेगमेंटला, रात्रीच्या पाळीत, कोणी बघत नसताना काय करतो ते विचार. कोल्हापूरच्या काकांचा उजवा हात तू लहानपणी बघायचीस आणि घाबरायचीस. तो कुठल्या मोठ्या गोडाऊनच्या आगीत गेला नाही. जिन्याखालच्या मीटर बॉक्सची वर्दी होती. एवढ्याशा कामाला कशाला म्हणून ग्लोव्हज गाडीतच ठेवून उतरले. एकवीस वर्षांचा अनुभव होता त्यांना. अनुभव होता म्हणूनच ठेवले. तेव्हा चेकलिस्टवर आधी काम मग टिक, उलटं नाही. झोप अनावर झाली तर तसं पाळीच्या साहेबांना सांगायचं, लाजायचं नाही. आणि घाईत असणाऱ्या माणसाबरोबर

जाऊ दे. तुला मी काय शिकवणार. तू एम.टेक. झालेली, मी दहावी. बदलीचं बोलणार नाही म्हणून दोन पानं तेच लिहून बसलो. आईने मागून वाचलं आणि काही न बोलता निघून गेली.

एकच गोष्ट खरंच सांगायची आहे, ती ऐकून घे. तू चार-पाच वर्षांची असताना १४ एप्रिलला तुला खांद्यावर घेऊन स्मारकापाशी न्यायचो. १९४४ साली व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन दारूगोळा एकाच जहाजात भरलेला, आणि ६६ जवान विझवता विझवता गेले, हे मी तुला राजा-राणीच्या गोष्टीसारखं सांगायचो. तू विचारलं होतंस, "ते पळाले का नाहीत?" मी म्हटलं, "फायरमन पळत नाही." क्वार्टर्समधली सगळी मुलं तेच म्हणायची मग, शाळेत सुद्धा. तुझ्या मुलाखतीच्या वेळी तू ही गोष्ट साहेबांना सांगितलीस असं तू मला हसत सांगितलंस, तेव्हा माझी छाती फुगली होती.

ते वाक्य मी परत घेतो. तू फायरमन नाहीस. भोंगा झाला की पळायचं. कागद, मशिन, सेगमेंट, कोण काय म्हणेल, काही बघायचं नाही. मागे कोणी राहिलंय का बघायला वळायचं नाही, ते ज्यांचं काम आहे ते बघतील. मी हे लिहितोय यावर माझा मलाच विश्वास बसत नाही. आमच्या बॅचच्या कोणाला हे पत्र दाखवू नकोस.

आता आईचं. तिने सांगू नका म्हटलंय.

बुधवारी रात्री मी तिला म्हटलं, बघ, पोरगी काय बोलली, तू कधी मागितलीस का माझी बदली? ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, गेले होते. मला वाटलं, भाजीला. म्हटलं, कुठे? म्हणाली, भायखळ्याला. १९९७ साली, तू पोटात, सातवा महिना. मला कंट्रोल रूमला घ्यावं, फोनवर बसवावं, असं साहेबांना सांगायला. अर्जही नेला होता, आत्याच्या अक्षरातला. म्हणजे आत्यालाही माहीत, फक्त मला माहीत नाही, २८ वर्षं. गेटाशी पोचली आणि घंटा झाली. आम्ही खाली आलो, बंब बाहेर पडला, मी मागच्या बाजूला, हेल्मेटचा पट्टा लावत तिच्यासमोरून गेलो. तिला पाहिलंही नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तुम्ही हसत होतात."

"वर्दीला जाताना कोण हसतं?"

"तुम्ही," म्हणाली. "बाजूच्याला काहीतरी सांगत होतात आणि हसत होतात. घरी आले, अर्ज फाडला, भात लावला."

त्यानंतर मेथी निवडून होईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. मी कशाला हसलो असेन ते मला दोन दिवस आठवतंय, आठवत नाही. त्या दिवशीची वर्दी कुठली होती तेही नाही.

तू बुधवारी दुपारी पाठवलेला फोटो, गच्चीवरचा, मागे आकाशात वाकडा पांढरा धूर आणि तू कोणाकडे तरी बघून दात काढतेस तो, आईने मोबाइलवर लावून घेतलाय. दोन नंबरच्या नातवाकडून लावून घेतला, मला सांगितलं नाही.

दिवाळीला नोव्हेंबरचं रॉकेट होतं, ठीक आहे. त्या ४,४१० किलोंच्या उपग्रहाने तुझी भाऊबीज खाल्ली, दादा अजून चिडवतो. संक्रांतीला रजा मिळाली तर बघ. नाही मिळाली तर तिळाचे लाडू पाठवतो, सुल्लूरपेटाला पोचेपर्यंत मऊ पडतात खरे. चेंगळम्माच्या देवळात गेलीस तर आईच्या नावाने नारळ फोड, गेल्या खेपेचा राहिलाय म्हणते.

सोबत दोन सुती कुर्ते आहेत. आईने विणलेला स्वेटर पाठवत नाही. लोकर ॲक्रिलिकची आहे, लेबल बघून मीच काढून ठेवला. तिला सांगितलं पार्सलमध्ये बसला नाही.

पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. रविवारी फोन कर, आईच्या मोबाइलवर कर.

तुझा,
बाबा

ता. क. तुझे ते बूट मार्चमध्ये घेतलेले आहेत. तळवा झिजला की ते काम करत नाहीत असं तूच म्हणाली होतीस. एकदा उलटे करून बघ.