नाना, तुम्ही आधी हात धुतले

राम राम नाना,

डिसेंबरातल्या त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तुमच्या पत्र्याच्या गॅरेजसमोर गाडी लावली, तेव्हा अगदी रडकुंडीला आले होते. चोपड्याबाहेर बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला तुमचं गॅरेज आहे, एवढंच कुणीतरी सांगितलं होतं.

चार महिने सेकंड गियर टाकताना करकर व्हायची. सकाळच्या थंडीत तर गियर हातालाच येईना. हे सगळं सुरू झालं ते शहरातल्या एका मोठ्या गॅरेजात गियरचं तेल बदलल्यापासून. "भारीतलं टाकलंय, जीएल-५," असं ते म्हणाले होते. जीएल म्हणजे गियरच्या तेलाची प्रत, आणि पाच म्हणजे चारपेक्षा वरचं, असंच मलाही वाटलं. तक्रार घेऊन गेले तर त्यांनी माझ्याशी बोलायचंच टाळलं. भावाकडे बघून म्हणाले, "लेडीजचा हात आहे, क्लच अर्धाच दाबतात." दुसऱ्या एकाने गाडीखाली न वाकताच गियरबॉक्स उतरवायचा खर्च सांगितला. अकरा वर्षं गाडी चालवतेय मी. तो अपमान अजून उतरलेला नाही, नाना.

तुम्ही पहिला प्रश्न मलाच विचारला, "तेल कोणतं टाकलं, ताई?" मग नळावर जाऊन पावडरने कोपरापर्यंत हात धुतले, पंच्याला पुसले आणि डॅशबोर्डच्या खणातलं गाडीचं पुस्तक मागितलं. नवीन घेतल्यापासून ते कुणी उघडलंच नव्हतं. पान काढून तुम्ही ते माझ्या हातात दिलंत. "गाडी तुमनी शे ना, मंग तुम्हीच वाचा."

मी वाचलं : ७५डब्ल्यू-९०, जीएल-४.

एवढंच. पण माझ्या पुस्तकाला काळा डाग पडू नये म्हणून कुणी हात धुतो, आणि उत्तर ठाऊक असूनही ते मला वाचू देतो, याने घसा दाटून आला होता. तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

तुम्ही समजावलंत ते मी आता स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगते. गियर पडायच्या आधी सिंक्रोची, म्हणजे वेग जुळवणाऱ्या भागाची, पितळी रिंग गियरच्या शंकूसारख्या तोंडाला घट्ट धरते, फिरणाऱ्या दोन्ही भागांचा वेग सारखा करते, मग दात अलगद बसतात. म्हणजे तिथं थोडी पकड लागतेच. "सायकलच्या रिमला तेल लागलं तर ब्रेक धरीन का?" या तुमच्या एका वाक्यात मला सगळं कळलं. जीएल-५ वाईट नाही, ते ट्रक-जीपच्या मागच्या क्राऊन-पिनियनसाठी, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या दातेरी चाकांच्या जोडीसाठी आहे. तिथं दात एकमेकांवर घासत सरकतात, दाब जबर असतो, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जीएल-४च्या जवळपास दुप्पट घालतात. आमच्या छोट्या गाडीच्या रिंगला ते निसरडं पडतं, आणि तापल्यावर त्यातलं गंधक पितळेला खाऊही शकतं. ७५ आणि ९० हे आकडे वेगळेच, ते दाटपणाचे. दाटपणा बरोबर असला म्हणजे तेल बरोबर असतंच असं नाही.

तुमच्याकडे तेव्हा जीएल-५चाच डबा होता. तो तुम्ही मला विकू शकला असतात, मला काय कळणार होतं? पण पोराला गावात पिटाळून २ लिटर जीएल-४ आणवलंत, दुकानाची पावती जशीच्या तशी माझ्या हातात ठेवलीत. जुनं तेल बोटांत चोळून पाहिलंत, पितळेची चमक फारशी दिसली नाही, म्हणजे रिंग फार झिजली नव्हती, तेव्हा तुमचाच चेहरा खुलला. दुसऱ्याची गाडी वाचली म्हणून इतका आनंद होणारी माणसं आपल्या खान्देशात आहेत, आणि ती रस्त्याकडेच्या पत्र्याखाली बसतात. माझे वडील होते तसे. ते शिंपी होते, उरलेली चिंधीसुद्धा गिऱ्हाइकाला परत द्यायचे.

करकर आठवड्याभरात गेली. अगदी थंड सकाळी पहिल्या एक-दोन वेळा सेकंड किंचित अडतो, पण तुम्ही तेही आधीच सांगितलं होतं.

मजुरी तुम्ही फारच कमी घेतलीत, त्यावर मी वाद घातला नाही. येत्या शनिवारी शाळा सुटल्यावर येते. मी भरिताची वांगी आणून ठेवली आहेत, कळण्याच्या भाकरीही करून आणते. पोरालाही थांबवून ठेवा.

तुमची,
दुसऱ्या गियरवाली मास्तरीणबाई