त्या उद्गारचिन्हाबद्दल

मालवण, जुलै २०२१

मा. संपादक यांस,
स. न.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या शेवटच्या पानावर एक छोटी चौकट होती. ऑस्ट्रेलियातल्या मास्टरशेफ स्पर्धेच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या बाईंनी पांता भात, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, केला आणि त्या तिसऱ्या आल्या, एवढीच बातमी. पण मथळ्यात तुम्ही त्याला 'शिळा भात' म्हटलंत आणि पुढे उद्गारचिन्ह ठोकलंत. ते उद्गारचिन्ह चार दिवस टोचतंय, म्हणून लिहायला बसले.

मालवणात आमची खानावळ आहे, बावीस वर्षं. सध्या 'आहे' म्हणायचं इतकंच. लॉकडाऊनमुळे पार्सल तेवढी चालू आणि १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे पार्सलातही काळ्या वाटाण्याची उसळ नाहीतर अंडाकरी. वेळच वेळ. एप्रिलपासून मी आणि सूनबाई तिच्या मोबाइलवर ही स्पर्धा बघत होतो. इंग्रजी तिला कळतं, रांधण मला कळतं, असं दोघींत मिळून भागत होतं.

या बाईंनी पहिल्याच दिवशी कैरी घातलेलं माशाचं कालवण केलं, सोबत बीटाचं भरीत. सूनबाई म्हणाली, सार्डीन म्हणतायत. मी म्हटलं, मागे घे, परत दाखव. तारली! कैरीच्या दिवसांत आम्ही तेच करतो, वर चार तिरफळं टाकतो इतकंच. बाजारात सगळ्यात स्वस्त मासळी ती. गिऱ्हाईक सुरमई मागतं, पापलेट मागतं. तारली मागणारं गिऱ्हाईक मला बावीस वर्षांत आठवत नाही. ती ही बाई टीव्हीवर मिरवत होती आणि रडत होती. आईवडिलांचं रांधण मुलांसाठी पुस्तकात लिहून ठेवायचंय म्हणाली. जन्म मेलबर्नचा, वडील ढाक्याकडचे, आई पश्चिम बंगालची. धंदा घरच्या छापखान्याचा, हॉटेलाशी संबंध नाही. वय अडतीस, पदरात दोन मुलं. त्या दिवसापासून ती आमची झाली.

१६ मे रोजी तौक्ते चक्रीवादळ आलं आणि वीज गेली. आमच्या वाडीत ती नऊ दिवस नव्हती. मांगरावरची कौलं उडाली, दोन माड आडवे झाले. पाचव्या दिवशी दिराच्या गाडीत मोबाइल चार्ज करून आणला, तर सूनबाईने आधी किश्वर राहिली की गेली ते बघितलं आणि मग माहेरी फोन लावला. मी तिला बोलले नाही, कारण मलाही तेच आधी कळायला हवं होतं. त्या नऊ दिवसांत घरात दोन वेळा पेजच होती.

शेजारपाजाऱ्यांचं म्हणणं वेगळं. जस्टिन नारायण जिंकला, तो मूळचा आपलाच, मग तुम्ही बांगलादेशची बाई कशाला धरून बसलात? मुलगा गुणी आहे, पहिला आला ते बरोबरच. त्याला १२५ गुण, दुसऱ्याला १२४, हिला ११४. पण तो काय करणार याचा मला रात्री विचार पडत नव्हता. हिचा पडायचा. फुचका, म्हणजे आपली पाणीपुरी, केला तेव्हा वाटलं, आता परीक्षक म्हणणार हे तर रस्त्यावरचं. खिचुरी केली तेव्हा वाटलं, हे तर आजाऱ्याचं. दर वेळी ती वाचायची आणि दर वेळी आम्ही दोघी वेड्यासारख्या टाळ्या वाजवायचो.

आणि १२ जुलैला, अंतिम फेरीच्या पहिल्या दिवशी, जिथे लोक आयुष्यभराचं कसब पणाला लावतात तिथे, हिने पाण्यातला भात ठेवला. सोबत बटाट्याचं भरीत आणि पुन्हा तारली. असा पदार्थ हॉटेलात मिळणार नाही आणि अंतिम फेरीत तो करायची भीती वाटते, असं तिने परीक्षकांना स्वतःच सांगितलं. भाताच्या पाण्याला तिने धूर दिला, ते मला पटलेलं नाही. पाणी चांगलं असेल तर धूर कशाला? पण एवढं ती टीव्हीसाठी करणारच.

आता तुमच्या 'शिळा'बद्दल. शिजवलेला भात रात्री पाण्यात घालून ठेवला की सकाळपर्यंत त्याला आंबूस चव चढते. बंगालात तो पांता, ओडिशात पखाळ, जगन्नाथाला नैवेद्य असतो त्याचा. माझ्या माहेरी आजी मडक्यात ठेवायची. सकाळी मीठ, ताक, फोडलेला कांदा, की आजोबा शेतात. आंबोळीचं पीठ आपण रात्रभर ठेवतो ना? त्याला कोणी शिळं पीठ म्हणतं का?

हे लिहिताना मीही धुतल्या तांदळासारखी नाही. आमच्या स्वयंपाकघरात रोज दहा वाजता उकड्या तांदळाची पेज होते. लोणचं, भाजलेला सुका बांगडा, कधी सुकटाची किसमूर. मी खाते, वाढपी मुलं खातात, सासूबाई तर त्याशिवाय गोळीसुद्धा घेत नाहीत. पण गिऱ्हाईक आलं की टोप झाकून मागे सरकवायचा, ही माझीच शिस्त. तीन-चार वर्षांपूर्वी पुण्याचे एक आजोबा हात धुवायला मागे आले, सासूबाईंच्या ताटात डोकावले आणि म्हणाले, मला हे मिळेल का? मी म्हटलं, ते आमचं घरचं, तुम्हाला नाही आवडायचं. आणि त्यांच्या हातात सोलकढीचा पेला दिला. बिचारे प्यायले. जाताना परत एकदा टोपाकडे बघून गेले.

सासूबाईंना निकाल सांगितला. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. "पेजेक बक्षीस? मगे माका कित्याक देवक नाय?" पेज नाही, पाण्यातला भात, असं सांगून बघितलं. त्यांना फरक पटला नाही.

काल सूनबाईने बाहेरचा फळा पुसून काढला. १ ऑगस्टला होड्या निघतील, निर्बंध उठले तर गिऱ्हाईकही येईल. तिने वर सुरमई थाळी, कोंबडी-वडे, तिसऱ्यांचं सुकं लिहिलं आणि खाली नव्याने 'पेज, सुको बांगडो, लोणचा' अशी ओळ टाकली. वेळ सकाळी दहा ते बारा. पैशांची जागा मात्र अजून कोरी आहे. तिने चाळीस लिहिले, मी पुसले. पेजेचे पैसे कसले घ्यायचे? मग ती म्हणाली, फुकट लिहिलंत तर लोक पुन्हा शिळीच समजतील. आता साठावर वाद चालू आहे.

– एक खानावळवाली, मालवण